पाण्यातल्या गावाची सोयरिक

आमच्या घरची पोरगी पाण्यातल्या गावी देत नाहीत. हा नियम माझ्या बापाचा आहे आणि तो मी मोडला नव्हता.

पाण्यातलं गाव म्हणजे काय ते सांगतो. पैनगंगा आमच्या भागातून सरळ जात नाही, सापासारखी वळत जाते. त्या वळणांच्या पोटात काही गावं बसलेली आहेत. तीन बाजूंनी नदी आणि चौथ्या बाजूनं एखादा नाला. उन्हाळ्यात तिथं बैलगाडी जाते, मोटारसायकल जाते. पावसाळ्यात नाला भरला की गाव तोडून काढल्यासारखं वेगळं होतं. माझ्या थोरल्या बहिणीला तसल्याच गावी दिलं होतं. आई श्रावणात गेली. निरोप्या नाल्याच्या अलीकडं उभा राहून ओरडत होता, पलीकडं बहीण उभी होती. पाण्याच्या आवाजात तिला एवढंच समजलं की घरातलं कोणीतरी गेलं. कोण गेलं ते पाणी उतरल्यावर समजलं. बाप तेव्हा ओट्यावर बसून म्हणाला की आता या घरची पोरगी पाण्यात जाणार नाही. बाप गेला, नियम राहिला. माझ्या दोन्ही पोरी मी डांबरी रस्त्यावरच्या गावांत दिल्या. त्यातल्या एकीला स्थळ चांगलं चालून आलं होतं, पण वाटेत ओढा होता म्हणून नाही म्हटलं. लोक हट्टी म्हणाले. म्हणोत.

परवाच्या श्रावणात नातीसाठी, मुलाच्या पोरीसाठी, पाहुणे आले. नात आदिलाबादच्या कॉलेजात शिकून आलेली. पोरगा तिच्याच कॉलेजातला, तिच्या पुढच्या वर्गातला. घरची शेती पाहतो, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो, व्यसन नाही. माणसं सरळ वाटली. पोराच्या बापानं जाताना हात जोडले आणि म्हणाला, "पोळ्यापर्यंत कळवा जी. घाई नाही."

मी गाव विचारलं होतं. गाव वाकणातलं, म्हणजे नदीच्या वळणातलं होतं.

पाहुणे गेल्यावर मी घरात सांगून टाकलं, "नाही म्हणून कळवा." सून चुलीपाशी होती, तिकडून भांड्यांचा आवाज येत होता तो बंद झाला. नात मात्र मोबाईल घेऊन माझ्यापुढं येऊन बसली.

"आबाजी, हे पाहा."

मोबाईलवर वरून दिसणारं गाव होतं. नदी त्याच्याभोवती कमरेच्या करगोट्यासारखी.

"पाहिलं. म्हणूनच नाही म्हटलं."

"आता पाहा." तिनं दोन बोटांनी ते चित्र लहान लहान करत नेलं. गाव गेलं, बेला गेलं, आदिलाबाद गेलं, मग सगळा देश दिसला, मग नुसती दुनिया. जिकडंतिकडं निळं पाणी आणि मधे मातीचे तुकडे. "आता सांगा, पाण्यात कोण नाही? मले तुमी कोठी देणार?"

मी तिसरीपर्यंत शिकलेला आहे, पण जेवढं शिकलो तेवढं पक्कं आहे. मी म्हटलं, "हे खंड आहे. त्याईचं गाव बेट. बेटाच्या चारी बाजूनं पाणी राह्यते."

"अन् खंडाच्या?"

मी पाहिलं. खंडाच्याही चारी बाजूंनी पाणीच होतं.

"खंड मोठा असते," मी म्हटलं.

"किती मोठा झाला म्हणजे खंड? कोणं ठरवलं?"

मुलगा म्हणाला, "अवो, आबाजीसंग वाद काऊन घालून राह्यली? नाही म्हटलं ना त्याईनं."

"वाद नाही जी, विचारून राह्यली." मग तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. "आबाजी, तुमी मले फरक सांगा. असा सांगा का त्याईचं गाव बेट अन् आपलं गाव खंड. सांगितला त मी गप. तुमी म्हणान तिथं जाईन, पुन्हा तोंड उघडणार नाही. अन् नाही सांगता आला त मंग नियम कायचा?"

पोरगी खेळत नव्हती. मी फरक सांगितला असता तर तिनं तो पोरगा मनातून काढला असता, तशी ती आहे. माझ्यावरच गेली आहे. मी म्हटलं, "सांगतो. पोळ्याच्या आत सांगतो." खरं म्हणजे मला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे.

आमच्या गल्लीत एक मास्तर राहतात. मराठी शाळेत होते, आता घरी असतात. त्यांच्याकडं पृथ्वीचा गोळा आहे आणि भिंतीवर नकाशा. मी गेलो तेव्हा ते तुरीची डाळ निवडत बसले होते. त्यांना विचारलं तर डाळ बाजूला सारून खुशीत उठले. म्हणाले, "काकाजी, हे मला पोरांनी कधी विचारलं नाही."

त्यांनी सांगितलं की ऑस्ट्रेलिया हा सगळ्यांत लहान खंड आणि ग्रीनलँड हे सगळ्यांत मोठं बेट. मी नकाशापाशी गेलो. ऑस्ट्रेलिया खाली पडलेलं, आणि वर ग्रीनलँड चांगलं ऐसपैस.

"मास्तर, बेट त खंडाहून मोठं दिसते."

"नकाशा चपटा आहे काकाजी, पृथ्वी गोल. गोल वस्तू चपटी केली की वरचा भाग ताणला जातो."

"म्हणजे नकाशा खोटा."

"खोटा नाही. भाकर थापताना कशी कडेला पसरते, तसं समजा. गोळ्यावर पाहा."

मी सुतळी मागितली. गोळ्यावर सुतळी लावून पाहिली. मास्तर खरं बोलत होते, ग्रीनलँड आक्रसलं. पण माझं समाधान झालं नाही. एक मोठं, एक त्याहून लहान, हे तर दोन भावांतही असतं. त्यावरून एकाची जातच कशी बदलेल?

"रेघ कुठंतरी ओढावी लागते," मास्तर म्हणाले. "माणसांनी ओढली. आता हे पाहा, युरोप आणि आशिया. मधे समुद्र नाही, काही नाही, जमिनीला जमीन लागलेली. तरी दोन खंड मोजतात."

मी गोळा फिरवून पाहिलं. खरंच मधे पाणी नव्हतं. "मंग ते वेगळे निघाले असतीन. एकाच बापाचं वावर, मधात बांध घातला."

मास्तर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग म्हणाले, "पण एक फरक आहे, तुमच्या कामाचा आहे का पाहा. खंडावर झाडं, जनावरं, सगळं पुष्कळ आणि तिथलंच असतं. लहान बेटावर पहिल्यानं काहीच नसतं. जे आलं ते बाहेरून आलं. वाऱ्यानं आलं, पाण्यावर वाहत आलं, पाखराच्या पोटातून आलं."

हे मला पटलं. रेघ ओढून फरक होत नाही, पण हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. मी ठरवलं की त्या गावी जाऊन पाहावं. तिथं आपलं काय आहे आणि बाहेरून आलेलं काय आहे. नातीला घरी येऊन सांगता येईल.

मुलाच्या मोटारसायकलवर बसून गेलो. नाल्यावर रपटा आहे, म्हणजे पाण्याच्या बरोबरीचा सिमिटाचा रस्ता. त्यावर चाक भिजेल एवढंच पाणी होतं. मुलानं मला गावच्या पारापाशी सोडलं. त्याला भीमपूरहून फवारणीचं औषध आणायचं होतं, म्हणाला, "बाबा, दुपारी घ्याले येतो. भांडू नोका कोणासंग."

मी त्यांच्या घरी गेलो नाही. आधी गाव पाहिलं. काठी घेऊन कडेकडेनं फिरलो. एका बाजूनं नदी, पुढं गेलो तरी नदी, वळलो तरी नदीच. वावरात कापूस छातीला लागत होता, गाळाची माती, अशी काळी की आमच्याकडं नाही. ज्वारी, तूर, सोयाबीन त्यांचं. चक्की त्यांची. सुतार होता, न्हावी होता. मीठ, चहा, तेल, औषध बाहेरचं. मग मी आमच्या गावाचा हिशेब मनात लावला. आमचा सुतार मरून गेला आणि त्याचा पोरगा हैदराबादला गेला. न्हावी बेल्याहून येतो. मीठ, चहा, तेल, औषध बाहेरचंच. मास्तरच्या हिशेबानं पाहिलं तर त्यांचं गाव आमच्यापेक्षा जास्त खंड निघत होतं. हे मला आवडलं नाही. मी पुन्हा एक फेरी मारली.

दुसऱ्या फेरीत पोराच्या बापानं मला गाठलं. त्याला कोणीतरी जाऊन सांगितलं होतं की एक बुढा सकाळपासून गावाला चकरा मारत आहे. घरी नेलं. ओट्यावर पोराची आजी बसली होती, माझ्याच वयाची, सुपात लसूण घेऊन. पोरगा घरात नव्हता, कोणाची तरी मोटार खोलायला वावरात गेला होता.

"बसा जी," ती म्हणाली. "काय मोजून राह्यले होते? वावर इकत घ्याचं आहे का?"

"तुमचं गाव बेट आहे का खंड, ते पाहून राह्यलो."

मला वाटलं, तिला समजणार नाही. पण तिनं लसूण सोलणं थांबवून सगळं ऐकून घेतलं. नातीची अट मी सांगितली नाही, बाकी सांगितलं. मग ती म्हणाली, "अन् तुमचं गाव?"

"आमचं खंड. आमच्याकडं डांबरी रस्ता आहे."

ती पोराच्या बापाकडं पाहून हसली. "आयकलं का रे? याईचं गाव खंड आहे." मग मला म्हणाली, "तुमच्या गावाले आमी पाण्यातलं गाव म्हणतो जी. माह्या नणदेले तुमच्या गावचं स्थळ आलं होतं. माह्या सासऱ्यानं नाही म्हटलं. काऊन? त पुरात तुमचा रस्ता दोन्हीकून बुडते. एक पूल नदीच्या अंगानं, एक नाल्याच्या अंगानं. मोठा पूर आला त सरकारची नाव तुमच्याकडं गेली होती. आमी वरते होतो. आमी पाहून राह्यलो होतो."

मला ती नाव आठवली. मी तिच्यात बसलो नव्हतो, छपरावरच राहिलो होतो, पण नाव आली होती हे खरं. आमच्या लोकांनी त्याला कधी बेट म्हटलं नाही. पूर आला म्हटलं. पाणी आमच्याकडं येतं आणि त्यांच्याकडं असतं, असं आम्ही धरून चालतो. तिच्या बाजूनं पाहिलं तर उलटं होतं.

तेवढ्यात घरातून ताट आलं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, कांदा, ठेचा. आणि त्याच वेळी गल्लीतून कोणीतरी ओरडत गेलं की रपटा गेला. गावात पाऊस नव्हता, ऊन पडलं होतं.

"वरते पडलं असंन," बुढी म्हणाली. "आता उद्यापर्यंत राहा. जेवा."

मुलाचा मोबाईल आला. तो नाल्याच्या पलीकडं उभा होता. मी म्हटलं, "तू घरी जाय." आणि ताटाकडं पाहत बसलो.

आता इथं आमच्या लोकांची रीत सांगावी लागते. ज्या घरात पोरगी दिली, त्या घरात पोरीच्या बापानं, आज्यानं जेवायचं नाही. तिला लेकरू होईपर्यंत नाही. पाहुणा म्हणून गेला तर पोटभर जेवा, पण पोरगी द्यायचं मनात असेल तर त्या घरचा घास तोंडात घालायचा नाही. म्हणजे ते ताट नव्हतं, सवाल होता. जेवलो तर मी नुसता वाटसरू, उद्या पाणी उतरल्यावर माझा आणि त्यांचा संबंध संपला. नाही जेवलो तर पोरगी दिली.

"भूक नाही," मी म्हटलं.

"भूक नाही का जेवाचं नाही?" बुढीनं विचारलं.

"सकाळी जेवून निघालो होतो."

"हे काही उत्तर नाही जी." तिनं ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि माझ्याजवळच ठेवलं. "गरम नाही राह्यणार. पण राह्यल."

दुपारभर त्या झाकलेल्या ताटाशेजारी बसून होतो. अंबाडीचा वास झाकणाखालून येत होता. जेवायला हरकत नव्हती, कारण मी नाहीच म्हणायला आलो होतो. हात पुढं करायचा आणि भाकर मोडायची, एवढंच होतं. पण मला फरक सापडला नव्हता. फरक न सांगता जेवणं म्हणजे पोरीशी बेइमानी झाली असती. संध्याकाळी पुन्हा ताजं ताट आलं. मी म्हटलं, पोट बरं नाही. पोराच्या बापाचं तोंड उतरलं, त्याला वाटलं मला त्यांच्या घरचं चालत नाही. बुढीनं मात्र ओट्यावर वाकळ घालून दिली.

सकाळी नाल्यावर गेलो. पाणी उतरून गुडघ्याच्या आत आलं होतं, रपट्याची कड दिसत होती. अलीकडं बरीच माणसं जमली होती. दुधाचे कॅन घेतलेले दोघं, कापसावरची औषधं विकणारा एक बाहेरचा माणूस चांगल्या बुटात, शाळेचे एक सर, बाकी असेच. कोणी पाण्यात पाय घालत नव्हतं. औषधवाला हिंदीत म्हणाला, "अब तो जा सकते हैं ना? मुझे देर हो रही है." दूधवाल्यानं त्याला हातानंच थांबवलं. "रुको साब. पहले लेकी."

मला कळेना. मग गावातून बायका आल्या. तिघी होत्या, डोक्यावर पदर, हातात पिशव्या, एकीच्या कडेवर लेकरू. पलीकडच्या काठावर दोन-तीन पोरं उभी होती, मोटारसायकली लावून. ते मुऱ्हाळी, म्हणजे बहिणीला माहेरी न्यायला आलेले भाऊ. बायका पाण्यात उतरल्या, एकमेकींचे हात धरून. मधे एक थांबली, लेकरू वर घेतलं, पुन्हा निघाली. अलीकडची माणसं गप उभी होती. त्या पलीकडं चढल्यावर दूधवाल्यांनी कॅन उचलले, मग बाकीचे.

बुढी माझ्या मागं येऊन उभी होती. मी विचारलं, "ही काय रीत?"

"पाणी उतरलं का पहिले माहेरवाशीण. मंग दूध, मंग माणसं. पाण्याचा काही भरोसा आहे का? पुन्हा चढलं त? दूध नासलं त नासलं."

"वर्षातून किती येळा जातेत माहेरी?"

"जवा उतरते तवा. उतरलं का भाऊ तिकडं उभाच राह्यते. आमाले आठवण द्या नाही लागत, पाणी देते."

मी तिथंच काठावर बसलो. आमच्या गावच्या रस्त्याचा विचार करत होतो. डांबरी आहे, बस आहे, ऑटो आहेत. बारा महिने उघडा. कोणी कोणाला अडवत नाही. आणि आमच्या गल्लीतल्या सुना माहेरी केव्हा जातात ते आठवून पाहिलं तर काही सांगता येईना. एखादीचा बाप आजारी पडला की जातात. नाही तर कापूस आहे, मग सोयाबीन आहे, मग लेकराची परीक्षा आहे. रस्ता असतोच, केव्हाही जाता येतं. मी याला चूक म्हणत नाही. कामं असतात. पण माझ्या दोन्ही पोरी डांबरी रस्त्यावर दिल्या आहेत, आणि मी किती वेळा त्यांना बोलावलं आणि त्या म्हणाल्या, येऊ नं बाबा, रस्ता काय दूर आहे.

मास्तरला हे विचारलं पाहिजे, असं मनात आलं. गोळ्यावर हे दिसत नाही.

पोराच्या घरी परत आलो तर ओट्यावर ताट ठेवलेलं होतं, ताजी भाकर, वर वाफ. पोराचा बाप जरा लांब उभा. मी पागोटं नीट केलं आणि म्हटलं, "उचला ते ताट. मी या घरी जेवत नाही."

त्याचं तोंड पुन्हा पडलं. तो काही बोलणार तेवढ्यात बुढीनं त्याला गप केलं. "येडा आहे का रे," ती म्हणाली, "पाया पड त्याईच्या." मग डोक्यावरचा पदर पुढं ओढून दारातून आत पाहत हाक दिली, "कुकू आणा व. इवाई उपाशी चालले." आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात.

मुलगा रपट्यापर्यंत आला होता. वाटेत त्याला काही सांगितलं नाही. घरी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. खाटेवर बसलो.

सून पाणी घेऊन आली. "मामाजी, जेवून आले ना तिकडून?"

"नाही."

"कालचे उपाशी?"

"काल सकाळचे इथूनच जेवून गेलतो."

"काऊन? त्याईनं ताट केलं नाही?"

"तीन येळा केलं. मी नाही जेवलो."

मुलगा बूट काढत होता, तसाच एक पाय वर धरून राहिला. सून आधी माझ्याकडं, मग त्याच्याकडं पाहत राहिली. नात दारात उभी होती. तिला सगळ्यांच्या आधी समजलं, कारण ती आत वळली आणि चुलीत काडी घातल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं तिनंच ताट आणलं. ठेवताना म्हणाली, "फरक सापडला वाटते."

"नाही. एक सापडला होता, तो उलटा निघाला. मी अजून पाहून राह्यलो."

"पाहा, पाहा," ती म्हणाली, पण तिला हसू आवरेना म्हणून पुन्हा आत गेली.

मी जेवलो. सून समोर बसून वाढत होती. तिचं माहेर बाजारहत्नूरच्या बाजूला आहे, सकाळी निघालं तर दुपारी परत येता येईल एवढं. मी म्हटलं, "लग्नाची धांदल सुरू व्हाच्या आंधी तू माहेरी जाऊन ये. चांगली राहून ये."

"जाईन ना मामाजी," ती म्हणाली आणि आणखी अर्धी भाकर माझ्या ताटात टाकली. "घाई काय आहे? रस्ता काय पळून चालला?"

मी मुलाला म्हटलं, "उद्या सकाळी हिले नेऊन सोड."